प्रकरणाचं नाव झाकून

दहावीच्या गणिताची उजळणी प्रकरणवारच करायची, हे माझं फार वर्षांचं ठाम मत होतं. आठवड्याला एक प्रकरण घ्यायचं, त्यातला एकेक प्रकार फळ्यावर नीट सोडवून दाखवायचा, लगेच त्याच प्रकारची आठ-दहा गणितं मुलांकडून करून घ्यायची आणि हात बसला की पुढच्या प्रकाराकडे वळायचं. शाळेत नवा गणितशिक्षक रुजू झाला की त्यालाही मी हेच बजावून सांगायची. आता मी उजळणी जवळजवळ उलट पद्धतीनं घेते. हा बदल एका दिवसात झाला नाही आणि सुखासुखीही झाला नाही. तो लिहून काढावासा वाटतो, कारण जानेवारी उजाडला की गावोगावच्या वर्गांत आणि क्लासांत आजही जुनीच रीत चालते. ती चालवणारे शिक्षक अंग चोरणारे नसतात. मुलांसाठी सगळ्यांत जास्त राबणारे तेच असतात.

जुनी रीत मला पटली होती त्याला कारणं होती. आमची शाळा ऊसपट्ट्यातली, तालुक्याच्या गावापासून आत. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरात दहावीच्या पुढे गेलेलं कुणी नसतं. ‘गणितात गेला’ हे वाक्य इथं घरोघरी ऐकू येतं. मुलगा गणितात अडकला की शिक्षण तिथंच थांबायची भीती, आणि मुलगी अडकली की तिच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. अशा मुलांच्या मनातली धास्ती आधी घालवायला हवी, आणि ती जाते पटापट जमणाऱ्या गणितांनी, असा माझा हिशेब होता. तो दिसायला खराही ठरायचा. क्रेमरच्या पद्धतीनं समीकरणं सोडवायला घेतली की तिसऱ्या-चौथ्या गणितापासून शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा निश्चयकांच्या किमती बिनचूक काढायचा. वहीभर बरोबरच्या खुणा. मुलं खूश, मी खूश, घरचे खूश.

पूर्वपरीक्षेचे पेपर तपासताना मात्र काही पानं मला कोड्यात टाकायची. ज्या मुलीनं वर्गात शाब्दिक गणितं एकामागून एक सोडवली होती, तिनं तसंच एक गणित पेपरात कोरं सोडलेलं असायचं. विचारलं की उत्तर ठरलेलं: “मॅडम, गणित ओळखीचं वाटत होतं, पण कुठल्या पद्धतीनं करायचं तेच सुचेना.” कितीतरी वर्षं मी याचा अर्थ एकच लावत आले, की सराव कमी पडला. मग फेब्रुवारीत आणखी सराव, आणि तोही पुन्हा प्रकरणवार.

हळूहळू एक गोष्ट लक्षात यायला लागली. फळ्यावर वरती ‘वर्गसमीकरणे’ असं लिहिलेलं असलं की खालचं प्रत्येक गणित वर्गसमीकरणाचंच असणार हे मुलांना माहीत असतं. “दोन क्रमागत सम संख्यांचा गुणाकार १६८ आहे” हे वाक्य ती धड वाचतही नाहीत. आकडे उचलतात आणि साच्यात घालतात. आदल्या आठवड्यात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या मथळ्याखाली “एका दोन अंकी संख्येत तिच्या अंकांची अदलाबदल करून मिळणारी संख्या मिळवली तर १३२ येतात” हे गणितही त्यांनी तसंच केलेलं असतं. पहिल्यात एकच चल पुरतं आणि ते स्वतःशीच गुणलं जातं; दुसऱ्यात दोन अंक वेगळे धरावे लागतात आणि आणखी एक अट शोधावी लागते. हा फरक ओळखणं हेच खरं गणित आहे, आणि ते काम मुलांच्या वतीनं मथळा करत होता. बोर्डाच्या पेपरात असे मथळे नसतात. रोग्याला काय झालंय ते आधीच सांगून वैद्याला फक्त औषधाची मात्रा विचारावी, अशी आमची उजळणी चालली होती.

एक गणित इथं पुरतं मांडते, कारण माझं मत हलवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. एका बचतगटातल्या ताई पहिल्या महिन्यात २०० रुपये भरतात आणि पुढे दर महिन्याला आधीच्या महिन्यापेक्षा ५० रुपये जास्त भरतात. त्यांचे एकूण ५,७०० रुपये किती महिन्यांत जमतील? पहिलं पद २००, सामान्य फरक ५०, बेरीज ५,७००, काढायचा आहे एन. अंकगणिती श्रेढीच्या आठवड्यात मुलं बेरजेचं सूत्र न चुकता लिहायची, किमती घालायची, सरळ रूप द्यायची आणि येऊन थांबायची ती इथं: एन वर्ग अधिक ७ एन वजा २२८ बरोबर शून्य. पुढे पान कोरं. याहून किचकट वर्गसमीकरणं त्याच मुलांनी आदल्या आठवड्यात अवयव पाडून सोडवलेली असायची. एका मुलीला मी विचारलं, “अगं, पुढे काय?” ती म्हणाली, “मॅडम, श्रेढीचं सूत्र तर संपलं.” २२८ चे १९ आणि १२ असे अवयव पाडायचे, महिने उणे असू शकत नाहीत म्हणून वजा १९ सोडून द्यायचे आणि १२ महिने हे उत्तर लिहायचं, यातलं एकही पाऊल तिला अवघड नव्हतं. पण वर्गसमीकरण श्रेढीच्या पानावर येऊन भेटू शकतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. उजळणीच्या आमच्या रीतीत तशा भेटीला जागाच नव्हती.

पाठ्यपुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो, हे इथं सांगायला हवं. त्यात त्या प्रकरणातले सगळे प्रकार एकत्र येतात, आणि तो फार उपयोगाचा आहे. पण त्याची सरमिसळ प्रकरणाच्या कुंपणाच्या आतच राहते. सहा प्रकरणांचं बीजगणित आणि सात प्रकरणांची भूमिती यांची एकत्र सरमिसळ करायचं काम शिक्षकावर येतं, आणि मी ते ‘पेपर सोडवून घेण्या’वर ढकललं होतं. शेवटच्या पंधरवड्यात चार-पाच सराव प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या की झालं, असं मला वाटायचं. तोवर मुलांचा हात मथळ्याच्या सवयीला बसलेला असायचा.

हे सगळं मला नुसतं जाणवत होतं तोवर मी रीत बदलली नव्हती. कल्पनेवर मुलांचं दहावीचं वर्ष लावणं मला मान्य नव्हतं. पुढे शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात डग रोहरर आणि केली टेलर या अमेरिकी संशोधकांच्या २००७ सालच्या प्रयोगाविषयी समजलं. त्यांनी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींची घनफळं काढायला शिकवली. एका गटानं एकेका आकृतीची गणितं सलग केली, दुसऱ्या गटानं तीच गणितं मिसळून केली. सराव चालू असताना सलग करणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानं परीक्षा घेतली तेव्हा सलगवाल्यांचे २० टक्के उरले आणि मिसळवाल्यांचे ६३. हे आकडे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच वर्गातल्या बरोबरच्या खुणांनी भरलेल्या वह्या आल्या. आमचं समाधान त्या ८९ वर उभं होतं. २०२० मध्ये रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांवर असाच मोठा प्रयोग केला. महिनाभरानं न सांगता घेतलेल्या परीक्षेत मिसळून सराव केलेल्या वर्गांना सरासरी ६१ टक्के पडले, सलग केलेल्यांना ३८. मुलं अमेरिकेतली, पुस्तकं वेगळी, हे खरं. पण ओळखीच्या गणितासमोर थबकलेला विद्यार्थी मला त्यात लख्ख दिसला.

आता माझ्या टेबलावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. त्यात गणितांच्या चिठ्ठ्या असतात: जुन्या बोर्डाच्या पेपरांतल्या, पुस्तकातल्या, मी केलेल्या. चिठ्ठीवर प्रकरणाचं नाव नाही, सरावसंचाचा क्रमांक नाही, गुणही नाहीत. मूल येतं, चिठ्ठी काढतं, मोठ्यानं वाचतं आणि सुरुवात कशी करायची तेवढंच सांगतं. का, हेही सांगतं. सोडवायचं नाही. गणित शेवटच्या पायरीपर्यंत सोडवल्याशिवाय ते झालंच नाही, असं मानणाऱ्या मला हे पहिल्यांदा फार जड गेलं. पण एका तासिकेत पूर्ण सोडवून जेमतेम पाच-सहा गणितं होतात, आणि नुसती सुरुवात ठरवायची म्हटली तर पंचवीस-तीस सहज होतात. मुलं घरून सोडवून आणतात ती त्यांतलीच काही.

भूमितीत या डब्यानं जे दाखवलं ते तर मला स्वतःला नवीन होतं. तीन चिठ्ठ्या मी मुद्दाम एकाच विजेच्या खांबावर केल्या होत्या. पहिलीत खांबाची सावली ६ मीटर आणि त्याच वेळी दीड मीटर उंचीच्या मुलाची सावली १ मीटर, तर खांब किती उंच? दुसरीत ९ मीटर उंच खांबाच्या टोकापासून ताण दिलेली तार बुंध्यापासून १२ मीटरवर जमिनीत रोवलेली, तर तार किती लांब? तिसरीत बुंध्यापासून ९√३ मीटरवर उभं राहून पाहिलं तर टोकाचा उन्नत कोन ३०°, तर उंची किती? कच्ची आकृती तिन्हींची सारखीच येते, उभा खांब आणि काटकोन त्रिकोण. प्रकरणं मात्र तीन: समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, त्रिकोणमिती. मथळा असता तर तिन्ही गणितं डोळे मिटून झाली असती. चिठ्ठ्यांवर मुलांना कारण शोधावं लागलं. “दोन सावल्या आहेत, म्हणजे त्रिकोण दोन आहेत.” “हिच्यात कोन कुठंच दिला नाही, बाजूच आहेत.” “ह्याच्यात कोन दिलाय, म्हणून टॅन.” दहावीच्या वर्गात मुलं अशी वाक्यं बोलायला लागली की शिक्षकाच्या जिवाला किती बरं वाटतं, हे शिक्षकालाच कळेल.

त्यातही पहिल्या चिठ्ठीवर एक मुलगा हट्टाला पेटला. म्हणाला, हे त्रिकोणमितीनं होतं. इतर हसले, कारण कोन दिलेलाच नव्हता. तो म्हणाला, “सूर्य तर एकच आहे ना? मग उन्हाचा कोन दोघांना सारखाच. कोन सारखा तर टॅनही सारखा. मुलाचा टॅन दीड भागिले एक, खांबाचा उंची भागिले सहा. झालं की.” उत्तर ९ मीटरच आलं. कोन सारखे असले की बाजूंची गुणोत्तरं सारखी राहतात. समरूपतेच्या कोको कसोटीचा आणि त्रिकोणमितीचा पाया हाच आहे. इतकी वर्षं मी ही दोन प्रकरणं वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवत होते आणि त्यांचं नातं कुणी एवढ्या सरळ शब्दांत माझ्यासमोर मांडलं नव्हतं. त्या मुलाला गणितात कायम काठावर गुण पडत. त्या दिवसानंतर मी ‘हुशार’ हा शब्द वर्गात जपून वापरते.

याच ओघात माझं आणखी एक मत गळून पडलं, ते प्रकरण ‘ऑप्शनला टाकण्या’चं. ४० गुणांच्या पेपरात दोन, तीन आणि चार गुणांच्या प्रश्नांना पर्याय असतात. चारपैकी दोन, तीनपैकी दोन, असे. त्यामुळे एखादं प्रकरण बाजूला ठेवूनही पेपर भरता येतो, हे गणित मी कच्च्या मुलांना स्वतः मांडून द्यायची. महत्त्वमापन टाक, निर्देशक भूमिती टाक. पण भूमितीत काय टाकणार? शंकूची तिरकस उंची काढायला पायथागोरस लागतो. निर्देशक भूमितीतलं अंतराचं सूत्र म्हणजे पायथागोरसच. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, म्हणून वर्तुळाच्या अनेक गणितांत पुन्हा तोच. समरूप त्रिकोणाची रचना करायची तर समरूपता यायला हवी. ज्या मुलानं एक प्रकरण सोडलं त्याचे आणखी दोन प्रकरणांचे पाय लंगडे झाले, आणि अकरावी किंवा डिप्लोमाला गेल्यावर तर ते प्रकरण त्याच्या वाटेत उभंच राहतं. आता मी कुणालाही ऑप्शनला टाक म्हणत नाही. कच्च्या मुलासाठी चिठ्ठ्या सोप्या करते, कमी करत नाही. एक आणि दोन गुणांच्या प्रश्नांचेच पेपरात २० गुण होतात, तेव्हा त्याचा डबा तिथून सुरू होतो. रिकाम्या चौकटी भरून कृती पूर्ण करायचे प्रश्न त्यासाठी फार चांगले. ते म्हणजे फुकटचे गुण असं मी आधी धरून चालायची. आता अशी कृती देऊन विचारते, “हे कुठल्या कल्पनेवर चाललंय ते सांग, चौकटी मग भर.”

मुलं शंका घेऊन येतात तेव्हा माझं वागणंही बदललंय. पूर्वी “मॅडम, हे कसं करायचं?” ऐकलं की माझा हात आपोआप खडूकडे जायचा. पाच मिनिटांत स्वच्छ, सगळ्या पायऱ्यांसकट गणित फळ्यावर. मूल मान डोलवून जायचं. दुसऱ्याच्या हातचं गणित उलगडताना पाहणं सोपं असतं. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी तर ते आणखी सोपं केलंय. आता मी आधी विचारते, काय दिलंय? काय काढायचंय? असं काही आधी कुठं भेटलंय? जॉर्ज पोल्या यांनी १९४५ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात गणित सोडवणाऱ्यानं स्वतःला विचारायचे प्रश्न दिले आहेत, त्यांचाही रोख हाच आहे. विचारून झालं की मी गप्प बसते. हे गप्प बसणं फार कठीण जातं. समोरचं मूल अडलेलं दिसतं, घंटा व्हायला आलेली असते, आपल्याला उत्तर माहीत असतं. तरी बसते. अगदीच पुढे जाईना तर एकच पायरी सांगते आणि तेच गणित दोन दिवसांनी चिठ्ठीतून पुन्हा त्याच्या हाती येईल असं पाहते.

पालकांना हे पटवणं सोपं नव्हतं. एका आईनं सभेत सगळ्यांदेखत विचारलं, “मॅडम, आधी पोरगी धडाधड गणितं सोडवायची, आता वही घेऊन नुसती बसते. तुम्ही शिकवायचं सोडलं का?” तिचा राग मी समजू शकते. मिसळून सराव करताना चुका जास्त होतातच. प्रयोगात ८९ च्या जागी ६० दिसले ते यामुळेच. ज्या मुलांचा आत्मविश्वास आधीच पातळ आहे, त्यांना हे टोचतं. म्हणून मी डिसेंबरातच मुलांना आणि घरच्यांना सांगून ठेवते की पहिला महिनाभर वहीत लाल शाई जास्त दिसेल, आणि त्या चुकांवरून मी कुणाला बोलणार नाही. त्या आईला मी पोरीच्या दोन वह्या शेजारी ठेवून दाखवल्या. जुनीत उत्तरं होती. नवीत प्रत्येक गणिताच्या वर तिच्या हातानं लिहिलेलं एकेक वाक्य होतं, हे असंच का करायचं त्याचं. त्या वाचायला बसल्या. पटलं की नाही ते सांगितलं नाही, पण मुलीला डब्यापाशी थांबू दिलं.

एखादी कल्पना पहिल्यांदा शिकवताना मी आजही प्रकरणवारच शिकवते. अवयव कसे पाडायचे हेच ज्याला माहीत नाही, त्याच्यापुढे सरमिसळ ठेवणं म्हणजे छळ. आधी एकाच प्रकारची थोडी गणितं, हात जरा बसू द्यायचा, मग लगेच मागची दोन-तीन त्यात मिसळायची. वेळापत्रकात त्यासाठी जागा काढावी लागते. दिवाळीच्या सुट्टीनंतर अभ्यासक्रम रेटत नेण्याच्या घाईत ती काढणं मला आजही दरवर्षी जमतंच असं नाही. प्रमेयांची विधानं शब्दशः पाठ हवीत, सिद्धतेत पक्ष, साध्य, रचना नीट लिहायला हवं, याबद्दलही मी पूर्वीइतकीच आग्रही आहे.

आणि पाढ्यांबद्दल माझं मत तसूभरही हललेलं नाही. तीसपर्यंत पाढे आणि तीसपर्यंतचे वर्ग दहावीच्या मुलांनी रोज परिपाठानंतर म्हणायचेच. मोठी झालेली मुलं लाजतात, आठवीची मुलं दारातून डोकावून हसतात, तरी म्हणायचे. बचतगटाचं ते समीकरण श्रेढीतून बाहेर काढून आणणारी मुलगी पुढे २२८ शी अडली, तर तिची सगळी समज तिथं वाया जाते. २२८ चे निम्मे ११४, आणि एकोणीस सक एकशे चौदा हे जिच्या तोंडात बसलंय तिला अवयव शोधायला अर्धं मिनिटही लागत नाही.